परवानग्यांची डागडुजी

नव्या घरात प्रथम पाऊल टाकताना आपल्याकडे चुलीवर दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. दुधाने भिंती पक्क्या होत नाहीत, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असते. तरी तो विधी कोणी चुकवीत नाही, आणि चुकवावा असे मलाही वाटत नाही. त्याच दिवशी नळाचा माणूस येऊन तोट्या तपासून जातो. तो मात्र विधी नव्हे; ते काम होय. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच धांदलीत उरकल्या जात असल्यामुळे कोणती कशासाठी केली हे पुढे ध्यानात राहत नाही, एवढेच.

संगणकाच्या संसारातही असे एक दूध पुष्कळ वर्षे उतू जात होते. ॲपल कंपनीचा मॅक ज्यांच्या घरी वा कचेरीत होता, त्यांपैकी पुष्कळांना ते आठवत असेल. यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे जिच्या आधारावर बाकीचे सारे प्रोग्रॅम चालतात ती मूळ प्रणाली, बदलून नवी घातली की लगेच 'डिस्क युटिलिटी' नावाचा प्रोग्रॅम उघडावयाचा आणि त्यातील परवानग्या दुरुस्त करण्याचे बटण दाबावयाचे. काही जाणते तर सांगत, की हे दोनदा करा: प्रणाली बदलण्यापूर्वी एकदा व बदलल्यानंतर एकदा. मी छपाईच्या धंद्यातला माणूस. पाने जुळविण्यासाठी आमच्या कचेरीत मॅक आले, आणि त्यामुळे नात्यागोत्यात 'याला त्यातले कळते' अशी माझी ख्याती झाली. ते बटण २०१५ सालीच नाहीसे झाले, तरी घरात कोणी नवी प्रणाली घातली की एखाद्या भाच्याचा किंवा विहीणबाईंचा फोन येतोच: "परवानग्या दुरुस्त करावयास हव्यात का?" प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. शिवाय भलत्या ठिकाणी समाधान मानून बसल्यास घरातील मोलाचे कागद कुलपाआडच राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम परवानगी म्हणजे काय ते पाहू. मॅकच्या आजच्या प्रणालीचे घराणे 'युनिक्स' या जुन्या प्रणालीशी पोचते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली तिचा आरंभ केला. त्या काळी संगणक हे एकेका माणसाने आपल्या मेजावर ठेवण्याचे यंत्र नव्हते; एका यंत्रावर अनेकांनी वाटून काम करावयाचे असे. अर्थात एकाचे कागद दुसऱ्याने पुसू नयेत, आणि यंत्राच्या मूळ सामानाला तर कोणीच हात लावू नये, अशी व्यवस्था आवश्यक झाली. ती व्यवस्था म्हणजेच परवानग्या.

आपल्याकडील जुन्या एकत्र कुटुंबाचे घर डोळ्यांपुढे आणा. घरात यजमान असतो, घरची माणसे असतात आणि आलागेला पाहुणा वा वाटसरू असतो. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीला असेच तीन प्रकारचे लोक असतात: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला तीन गोष्टींची मुभा देता येते वा नाकारता येते: वाचणे, लिहिणे आणि चालविणे. तीन माणसे, तीन मुभा. अशा नऊ खुणा. वाचण्याला ४, लिहिण्याला २ व चालविण्याला १ असे गुण धरून त्यांची बेरीज मांडण्याची पद्धत आहे. फाइलीवर ६४४ असे असेल, तर मालकाने वाचावे व लिहावे, बाकीच्यांनी केवळ वाचावे. ७५५ असेल, तर मालकाला सर्व मुभा आणि बाकीच्यांना वाचण्याची व चालविण्याची. ७०० म्हणजे मालकाखेरीज कोणी उंबरठाही ओलांडू नये.

फोल्डरच्या बाबतीत या मुभांचे अर्थ थोडे निराळे होतात, आणि येथे मोठी गंमत आहे. फोल्डर वाचण्याची मुभा म्हणजे आतील वस्तूंची नावे पाहण्याची मुभा. चालविण्याची मुभा म्हणजे त्यातून आत जाण्याची मुभा. एकच असून दुसरी नसेल, तर दारातून डबे दिसतात पण कोठीत जाता येत नाही, अशी अवस्था होते. आणि फाइल पुसून टाकण्याचा अधिकार सामान्यतः त्या फाइलीवर अवलंबून नसून, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर अवलंबून असतो. डब्याचे झाकण उघडण्याची मुभा नसलेला माणूसही, फडताळ त्याच्या ताब्यात असेल तर, डबाच उचलून बाहेर टाकू शकतो! पहिल्याने ऐकणाऱ्याला हे अन्यायाचे वाटते. परंतु विचार केला म्हणजे पटते.

मॅकच्या जुन्या प्रणालींत असले काही नव्हते. मॅक ओएस ९ पर्यंतचे यंत्र म्हणजे दार सताड उघडे असलेले खेड्यातील घर. कोणीही यावे, कोणत्याही फाइलीला हात लावावा. २४ मार्च २००१ रोजी मॅक ओएस एक्स ही नवी प्रणाली विक्रीस आली, आणि एका रात्रीत त्या मोकळ्या घराला खोल्या, कड्या आणि किल्ल्यांचा जुडगा प्राप्त झाला. घरात एकच माणूस यंत्र वापरीत असला तरी तो आता एक 'वापरकर्ता' झाला. त्याच्या वर 'रूट' नावाचा सर्वाधिकारी, आणि यंत्राचे मूळ सामान त्या रूटच्या नावावर. सामान्य गृहस्थाला या कड्या दिसत नसत. त्या अडकल्या म्हणजेच कळत.

आणि आरंभीच्या काळात त्या खरोखरच अडकत. त्या काळची पुष्कळ यंत्रे नव्या एक्सवर किंवा जुन्या ९ वर, हवी तशी सुरू करता येत. ९ वर सुरू केले म्हणजे त्या म्हाताऱ्या प्रणालीला परवानग्या ही गोष्टच ठाऊक नसे. ती खुशाल एक्सचे सामान हलवी. दुसरे कारण म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम. एखादा नवा प्रोग्रॅम बसविताना तो यंत्राच्या मालकाचा सांकेतिक शब्द मागून घेई, आणि त्या बळावर आत शिरून, स्वतःची सोय पाहताना, सामाईक फोल्डरांच्या परवानग्या बदलून जाई. मग एखादा प्रोग्रॅम उघडेना, एखादी सुधारणा बसेना, छपाई होईना. यासाठी ॲपलने प्रथम दुरुस्तीचा एक लहानसा प्रोग्रॅम वेगळा काढला, आणि ऑगस्ट २००२ मध्ये आलेल्या १०.२ या आवृत्तीपासून ती सोय डिस्क युटिलिटीतच घातली. तेव्हा हे बटण कोणा भोंदूने काढलेले नव्हते. त्याला खरे काम होते.

ते काम चाले कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. लग्नकार्यासाठी आपण भांडी भाड्याने आणतो. भांडीवाला सोबत एक यादी देतो: पातेली इतकी, झारे इतके, परातींच्या जोड्या इतक्या. कार्य आटोपल्यावर त्या यादीबरहुकूम भांडी मोजून घेतात. ॲपलचा प्रोग्रॅम यंत्रात बसविला जाताना अशीच एक पावती मागे ठेवी. तिच्यात बसविलेल्या सामानाची यादी असे: अमुक फाइल, मालक अमुक, गट अमुक, परवानगी अमुक. दुरुस्तीचे बटण दाबले म्हणजे यंत्र ती यादी काढून प्रत्यक्ष सामानाशी पडताळून पाही आणि जेथे फरक दिसे तेथे यादीप्रमाणे करी. याहून अधिक काही नाही.

आता विचार करा. भांडीवाल्याच्या यादीत आपल्या माजघरातील आजीचे पितळी पातेले असेल काय? नसणारच. त्याचप्रमाणे आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब, मुलांचे निबंध यांपैकी एकही फाइल त्या यादीत नसे, आणि म्हणून दुरुस्तीचे बटण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. जे प्रोग्रॅम नुसते उचलून ठेवले, म्हणजे पावती न करता आले, तेही यादीबाहेर. ही दुरुस्ती केवळ प्रणालीच्या सामानाची होती. घरच्या माणसांच्या वस्तूंची नव्हे.

आणि नवी प्रणाली घातल्यानंतर लगेच ही दुरुस्ती करण्यात काय अर्थ होता? प्रणाली घालणारा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालतो. तोच नव्या फाइली मांडतो, तोच त्यांना परवानग्या देतो, तोच यादी लिहून ठेवतो. त्याने हात पुसले न पुसले तोच आपण त्याचीच यादी घेऊन त्याचीच मांडामांड तपासू लागलो, तर फरक निघावा कसा? ज्याने ओट्यावर भांडी लावली त्यालाच लगोलग विचारावे, की भांडी लावलीस ना, असला हा प्रकार. प्रणाली बदलण्याच्या आधी दुरुस्ती केल्याने, सामान बिघडलेले असल्यास, नव्या मांडणीतील एखादा अडथळा टळू शकला असता हे मी मान्य करतो. परंतु नंतरच्या दुरुस्तीला मी दुधाच्याच सदरात घालतो.

यावर कोणी म्हणेल, "असे कसे? आमचे यंत्र नवी प्रणाली घातल्यावर अगदी मंद झाले होते. परवानग्या दुरुस्त केल्या आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पळू लागले." हा अनुभव खोटा नाही. त्याचे कारण मात्र निराळे आहे. २००५ च्या १०.४ या आवृत्तीपासून मॅकमध्ये 'स्पॉटलाइट' नावाची शोधयंत्रणा आली. नवी प्रणाली घातली की ही यंत्रणा साऱ्या डिस्कची सूची नव्याने करावयास बसते, आणि ते काम संपेपर्यंत यंत्र धापा टाकीत असते. काही तासांनी सूची पुरी होते आणि यंत्र आपोआप हलके होते. मधल्या वेळात ज्याने जे केले असेल त्याला श्रेय मिळते. सर्दीवर काढा घेतला तरी ती आठवड्याने जाते आणि न घेतला तरी सात दिवसांनी जाते, असे आमचे एक वैद्य हसत सांगत, ते येथे तंतोतंत लागू पडते. त्यातून दुरुस्तीनंतर यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचीही रीत होती. आणि नुसते बंद करून चालू केल्याने किती दुखणी पळतात, ते आपण सर्व जाणताच.

आणखी एका गोष्टीने या विधीला बळ दिले. दुरुस्ती चालू असताना पडद्यावर ओळीमागून ओळ उमटे: अमुक फाइलीच्या परवानग्या भिन्न आहेत, अशा असावयास हव्यात, तशा आहेत, दुरुस्त केल्या. सामान्य माणसाला वाटे, बापरे, केवढा बिघाड झाला होता! प्रत्यक्षात यांतील कित्येक ओळी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुरुस्ती केली तरी जशाच्या तशा उमटत. कारण मधल्या एखाद्या सुधारणेने परवानगी योग्य रीतीनेच बदललेली असे आणि यादी मात्र जुनीच असे. दूरस्थ व्यवस्थापनासाठी असलेल्या 'एआरडीएजंट' या फाइलीविषयी तर, ती बदलली असून दुरुस्त केली जाणार नाही, असा गंभीर इशारा दर वेळी येई. तो पाहून घाबरलेल्यांचे फोन मी स्वतः घेतले आहेत. अखेर ॲपलनेच अशा ओळींची लांबलचक यादी प्रसिद्ध करून, यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे, असे सांगितले. जाणकार लेखकांनीही लिहावयास प्रारंभ केला होता. अमेरिकेतील जॉन ग्रूबर या मॅकविषयक लेखकाने २००६ साली या सवयीला सरळ सरळ जादूटोण्याच्या पंगतीत बसविले. मला तो शेरा किंचित कडक वाटतो, कारण बटणाला काम होते. पण औषध म्हणून ते ज्या दुखण्यांवर दिले जाई, त्यांपैकी फारच थोडी त्याची होती.

जे दुखणे खरोखरच त्याचे होते, असे एक मी पाहिले आहे. २०१० च्या सुमारास आमच्या कचेरीतील एका यंत्रावर अकस्मात छपाई थांबली. त्यावर १०.६ ही आवृत्ती होती. शोध घेता आढळले, की एका बाहेरच्या प्रोग्रॅमने छपाईच्या सहायक फाइली असलेला फोल्डर सर्वांना लिहिण्यास मोकळा करून ठेवला होता. वाचकांना नवल वाटेल. मोकळीक वाढली तर छपाई का थांबावी? कारण असे, की मॅकमधील छपाईची यंत्रणा सावध असते. ज्या सहायक फाइलीवर कोणीही काहीही लिहू शकतो, तिच्यावर ती विश्वासच ठेवीत नाही आणि ती चालविण्याचे नाकारते. त्या फाइली यादीतल्या होत्या. बटण दाबले, आणि छपाई सुरू झाली. 'काही अडले की सर्वांना सर्व मुभा देऊन टाका' असा सल्ला देणारे उत्साही लोक आजही भेटतात. त्यांना मी ही हकीकत सांगतो.

परंतु ज्या प्रसंगाने मला या विषयाचा गंभीरपणे विचार करावयास लावले, तो निराळा. माझे एक मामा बडोद्यास असतात. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या आजोळचा कुलवृत्तान्त लिहावयास घेतला. गावोगावच्या नातेवाइकांना पत्रे लिहून, जुन्या वह्या धुंडाळून, मंदिरांतील नोंदी उतरून घेऊन त्यांनी तो मॅकवर मराठीत टंकलिखित केला होता. दहा-अकरा वर्षांचे ते काम. २०१२ साली जुने यंत्र थकले म्हणून त्यांनी नवे घेतले, अर्थात नव्या प्रणालीसह. जुन्या यंत्रातील सर्व काही नव्यावर आणून देण्याचे काम एका दुकानाकडे दिले. यंत्र घरी आले, मामांनी कुलवृत्तान्ताचा फोल्डर पाहिला, तो त्यावर लाल वर्तुळात पांढरी आडवी रेघ. उघडावयास जावे, तर आपणास हे पाहण्याची परवानगी नाही, असा निरोप! स्वतःच्या हाताने टंकलेल्या शब्दांना हात लावण्यास आपल्यालाच बंदी. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत, असे मामींनी फोनवर सांगितले. ओळखीच्या एका तरुणाने सल्ला दिला, की प्रणाली नवी आहे, परवानग्या दुरुस्त करा. मामांनी एकदा केल्या, दोनदा केल्या, तिसऱ्यांदा केल्या. प्रत्येक वेळी पडद्यावर ओळी उमटल्या, दुरुस्ती पूर्ण झाल्याचे निवेदन आले, आणि लाल वर्तुळ जेथल्या तेथे राहिले. आता सगळे गेलेच, असे त्यांनी धरले. जुनी डिस्क मोडीत टाकावी काय, असेही ते मामींना विचारू लागले होते. तेवढे मामींनी होऊ दिले नाही, हे आमच्या कुळाचे भाग्य!

पुढच्या शनिवारी मी बडोद्यास गेलो. काय झाले होते ते ऐका. आपण यंत्रावर नावाने ओळखले जातो. परंतु यंत्र आपल्याला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. मॅकवर जो पहिला वापरकर्ता होतो त्याला ५०१ हा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला ५०२, आणि असेच पुढे. जुन्या यंत्रावर मामा एकटेच. त्यांचा क्रमांक ५०१. दुकानातील माणसाने नव्या यंत्रावर तपासणीसाठी आधी आपल्या सोयीचे एक खाते उघडले. त्याला ५०१ मिळाला. नंतर मामांचे खाते उघडले, ते ५०२. मग जुन्या डिस्कवरील सामान मालकाच्या नोंदीसह जसेच्या तसे नव्यावर उतरविले. फाइलींवर मालक म्हणून ५०१ कोरलेले होते, ते तसेच राहिले. परिणामी मामांच्या दहा वर्षांच्या श्रमांचा मालक, नव्या यंत्राच्या लेखी, तो दुकानदार झाला! आणि कागदपत्रांचा फोल्डर पहिल्यापासूनच ७०० असतो, म्हणजे मालकाखेरीज इतरांना मज्जाव. तेव्हा यंत्राने मामांना दारात अडविले, यात यंत्राचे काहीच चुकले नव्हते. ते नेमून दिलेली राखण इमानाने करीत होते.

डिस्क युटिलिटीच्या दुरुस्तीने हे सुटणे शक्यच नव्हते. कारण या फाइली तिच्या यादीत नव्हत्या. उपाय साधा होता. फोल्डर निवडून 'गेट इन्फो' ची खिडकी उघडावयाची. तिच्या तळाशी शेअरिंग व परवानग्यांचा भाग असतो. तेथील कुलपाच्या चिन्हावर यंत्राचा सांकेतिक शब्द द्यावयाचा, मालक म्हणून स्वतःचे नाव घालावयाचे आणि हा बदल आतील सर्व वस्तूंना लागू करावा, असे सांगावयाचे. पाच-सात मिनिटांत लाल वर्तुळे गेली. मामांनी पहिली फाइल उघडली ती पणजोबांच्या प्रकरणाची. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, एक शब्दही न बोलता, आणि मग मामींना चहा टाकावयास सांगितले. येथे एक सूचना आवर्जून करतो: मालक बदलण्याचा हा उपाय आपल्याच कागदांच्या फोल्डरवर करावा, संपूर्ण डिस्क निवडून कदापि करू नये. प्रणालीच्या सामानाची मालकी रूटकडून काढून घेतल्यास अडलेले दार उघडण्याऐवजी घरच बसेल.

यापुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. ३० सप्टेंबर २०१५ रोजी १०.११ ही आवृत्ती आली आणि तिच्यात परवानग्या दुरुस्त करण्याचे बटणच नाहीसे झाले. प्रणालीच्या फाइली आता आपोआप सुरक्षित राहतात व सुधारणा बसविताना त्यांच्या परवानग्या ठाकठीक केल्या जातात, तेव्हा या सोयीची गरज उरली नाही, असे ॲपलने जाहीर केले. त्याच आवृत्तीपासून मूळ सामानाला असे संरक्षण मिळाले, की खुद्द रूटनेही त्याला हात लावू नये. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत प्रणालीचे सामान डिस्कच्या एका वेगळ्या भागात गेले, जेथे केवळ वाचता येते, लिहिता येत नाही. २०२० च्या बिग सरमध्ये त्या भागावर गणिती मुद्रा बसली. आतील एका अक्षरात जरी फरक पडला, तरी मुद्रा जुळत नाही आणि यंत्राच्या ते ध्यानात येते. भांड्यांची यादी घेऊन मोजदाद करण्याचे काम अशा रीतीने संपले. भांडी आता मोहोरबंद पेटीतच येतात.

मग आज नवी प्रणाली घातल्यावर 'परवानगी नाही' असा निरोप आला, तर तो कशाचा? बहुधा दोहोंपैकी एकाचा. एक, मामांच्या प्रकरणासारखा मालकीच्या क्रमांकाचा. तो विशेषेकरून डिस्क बदलताना, जुन्या यंत्रातून सामान आणताना किंवा बाहेरची डिस्क जोडताना उद्भवतो. बाहेरच्या डिस्कच्या गेट इन्फोमध्ये मालकीकडे दुर्लक्ष करण्याची एक चौकट असते. तिच्यावर खूण केली की तेवढ्या डिस्कपुरता हा तंटा मिटतो. दुसरा प्रकार अगदी नव्या काळातला आहे. २०१८ च्या मोजावेपासून, आणि अधिक कसोशीने २०१९ च्या कॅटालिनापासून, प्रत्येक प्रोग्रॅमला आपले कागदपत्रांचे फोल्डर, डेस्कटॉप, छायाचित्रे वा संपर्क यांना हात लावण्यापूर्वी आपली संमती घ्यावी लागते. नवी प्रणाली घातल्यावर हे प्रश्न भराभर पडद्यावर येतात. घाईत कोणी 'नको' म्हणतो, आणि मग महिनाभराने तक्रार करतो, की अमुक प्रोग्रॅमला माझ्या फाइली सापडतच नाहीत. येथे त्या नऊ खुणांशी काही संबंध नाही. २०२२ च्या व्हेंच्युरापासून ज्याला सिस्टिम सेटिंग्ज म्हणतात तेथे जाऊन, गोपनीयता व सुरक्षितता या सदरात, त्या प्रोग्रॅमच्या नावापुढील कळ चालू केली की काम भागते. शब्द तोच, परवानगी. व्यवस्था मात्र निराळी. या शब्दसाम्यामुळे पुष्कळ जण अद्यापि ते जुने बटण शोधीत असतात.

आणखी एका घोटाळ्याचा उलगडा करून ठेवतो. डिस्क युटिलिटीत 'फर्स्ट एड' नावाचे बटण आजही आहे. ते परवानग्या पाहत नाही. कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे याच्या खतावणीत गोंधळ झाला आहे काय, ते पाहते. ती तपासणी मोलाची आहे, आणि नवी प्रणाली घालण्यापूर्वी ती अवश्य करावी. पण त्याहूनही आधी संपूर्ण यंत्राची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. २००७ च्या १०.५ पासून त्यासाठी टाइम मशीन ही सोय मॅकमध्येच आहे; डिस्क तेवढी विकत घ्यावी लागते. मामींनी जुनी डिस्क मोडीत जाऊ दिली नाही, म्हणजे त्यांनी नकळत हेच केले होते.

ज्यांच्या घरी २०१५ पूर्वीच्या प्रणालीचा एखादा जुना मॅक अजून चालतो आहे, त्यांच्या डिस्क युटिलिटीत ते बटण आजही दिसेल. एखादी प्रणालीसंबंधी अडचण, जसे छपाई न होणे वा सुधारणा न बसणे, उद्भवली असेल तर ते दाबून पाहण्यास हरकत नाही. काही मिनिटे जातील, अपाय होणार नाही. एआरडीएजंटविषयीचा तो इशारा उमटेल. त्याकडे दुर्लक्ष करावे.